पाच हात

सायकलची फ्रेम घासायला काढली त्या रविवारी माझ्या अंगात खरं तर उभं राहायचंही त्राण नव्हतं. पण व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, "घरात त्यांच्या आवडीचं काहीतरी काम चालू ठेवा. त्यांना नुसतं बघू दे. बघूनही फरक पडतो." या बाई आठवड्यातून दोनदा येऊन दादाच्या उजव्या हाताला व्यायाम द्यायच्या. उरलेले पाच दिवस तो व्यायाम मी द्यायचे. माझ्या कामांच्या यादीला तसाही शेवट नव्हता. तिच्यात एक सायकल वाढली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सात महिन्यांपूर्वी शिडीवरून उतरता उतरता त्याला झटका आला. पाय पंधरा दिवसांत सावरला, जीभ हळूहळू सुटायला लागली, पण उजवा हात गेला तो गेलाच. कोपरापासून खाली नुसता लोंबकळायचा. डावा होता, पण तरुणपणी शर्यतीत पडून त्या कोपराचं हाड वेडंवाकडं बसलेलं. डाव्या हातातला चमचा तोंडाच्या चार बोटं अलीकडेच थांबायचा. त्यामुळे घास भरवण्यापासून शर्टाची बटणं लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले होते, "सहा महिन्यांत जे यायचं ते येतं. पुढे फार आशा धरू नका." आता सातवा महिना चालू होता.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये ठसे येतात, त्यांवर मी मेणात दात बसवते, हिरड्या कोरते, घासूनपुसून चकचकीत करते. माझ्या कामात भुताखेतांना जागा नाही. दात बसतो किंवा बसत नाही, आणि बसला नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी परत येतो. दाढेची चार टोकं मी मेणात नुसत्या अंदाजाने काढते, मालक त्यावर मोजपट्टीही लावत नाहीत. ते सगळं या उजव्या हाताचं कसब. आम्हा दोघांचं पोट आता त्याच एका हातावर होतं.

आई-वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दादाने पाट्या रंगवून मला वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न त्याने कधी मनावर घेतलं नाही आणि माझंही मग राहूनच गेलं. त्यामुळे त्याचं करताना मी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण थकले होते. हाडं दुखतात तसं नव्हे, हाडांच्याही आत कुठेतरी. मला फार काही नको होतं. एखाद्या रविवारी दुपारी जेवून पडावं आणि कोणी हाक न मारता आपोआप जाग यावी, एवढंच. सात महिन्यांत तशी एक दुपार मिळाली नव्हती.

दादाची फ्रेम जिन्यातल्या खिळ्याला वीस वर्षं टांगलेली होती. शर्यतीची, पोलादी, नळ्या बारीक आणि इतक्या पातळ पत्र्याच्या की टिचकी मारली तर नाद निघायचा. मूळचा रंग कुठला ते ओळखू येत नव्हतं. धूळ, गंज आणि जिन्याला चुना देणाऱ्यांनी उडवलेले शिंतोडे. ती खाली काढून मी गॅलरीत दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि दादाची खुर्ची दारात आणली. तो फ्रेमकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हात. दे."

मी माझा हात त्याच्या हातात दिला. तो चिडला. मान हलवून डाव्या हाताने फ्रेमकडे दाखवायला लागला. "हात दे. हात!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रंगारी लोक रंगाच्या थराला हात म्हणतात. एक हात दिला, दोन हात दिले, अजून एक हात लागेल. लहानपणापासून हेच ऐकत आले होते आणि ऐन वेळी विसरले. मी म्हटलं, "अरे माझ्या राजा, आधी जुना काढू तर दे! किती हात द्यायचे?" त्याने डाव्या पंजाची बोटं एकेक करून मिटली. "अस्तर, एक. रंग, तीन. वार्निश, एक." आणि मिटलेली मूठ मला दाखवली. झटक्यानंतर इतकं लांबलचक तो पहिल्यांदाच बोलला होता.

खर्च करायची ऐपत नव्हती. पावडरचा रंग भट्टीत भाजून देणारे असतात, त्यांच्याकडे मी चौकशीलाही गेले नाही. रंग काढायच्या औषधाचा सर्वांत लहान डबा आणला, फ्रेमला फासून वरून जुनं प्लास्टिक गुंडाळलं. दोन तासांनी रंग सुरकुतला, फुगला आणि सालीसारखा सुटून आला. गंजावर व्हिनेगर आणि तारेचा चोथा. वापरून गुळगुळीत झालेले पॉलिश पेपर लॅबमधून मालकांना विचारून आणले. ते म्हणाले, "ने की. नाहीतरी टाकूनच देणार होतो." खालच्या नळीला एक पोचा होता, तो लांबी म्हणजे पुट्टी भरून सपाट केला. दोन रविवार त्यात गेले. दादा दारातून बघायचा आणि मी कुठे कंटाळून घाई केली की घसा खाकरायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. हात लुळा, पण मुकादमगिरी शाबूत.

तिसऱ्या रविवारी अस्तराचा हात दिला. दादाच्या पेटीतलाच करडा डबा, वर साय धरलेली. साय काढून तो माझ्या जुन्या मोज्यातून गाळून घेतला. ब्रशही त्याचाच, दोन बोटं रुंद, मऊ केसांचा. काम संपल्यावर बघितलं तर अस्तर इतकं एकसारखं बसलं होतं की मला माझंच कौतुक वाटलं. फक्त वरच्या नळीवर एक केस चिकटला होता. तो चिमट्याने काढला आणि उजेडात धरला. ब्रशचा केस जाड आणि काळा असतो. हा तपकिरी, आखूड, टोकाशी निमुळता होता. माझ्या हातावर असतात तसा. घामाने गळून पडला असेल म्हणून मी तो झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला अंघोळ घालताना त्याची करंगळी हलली.

मी साबण खाली ठेवला. म्हटलं, "परत कर." त्याने परत केली. करंगळी वाकली आणि सरळ झाली. आम्ही दोघं तिथेच, बाथरूमच्या ओल्या फरशीवर रडलो. व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी चार वेळा तपासून बघितलं आणि म्हणाल्या, "सातव्या महिन्यात मी असं कधी पाहिलं नाही. पण कोण म्हणतं नको म्हणून!"

माझ्या करंगळीला मुंग्या आल्या होत्या. दोन रविवार पॉलिश पेपर घासल्यावर येणारच. मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या रविवारी रंगाचा पहिला हात. गडद हिरवा. कुठल्यातरी औषधाच्या दुकानाच्या पाटीचा उरलेला. त्या आधी अस्तरावरून बारीक पेपर ओला करून हलकेच फिरवावा लागतो, म्हणजे रंग धरतो. मी तो फिरवत होते आणि दादा खुर्चीत बसून उजवी करंगळी डाव्या हाताने खाजवत होता. "खाज. सारखी," तो म्हणाला. बाईंनी सांगितलं होतं की संवेदना परत येताना खाज सुटते. मी पेपर बाजूला ठेवला तेव्हा त्याचीही थांबली.

बुधवारी त्याची अनामिका हलायला लागली. बुधवारीच लॅबमध्ये माझ्या हातून वरच्या जबड्याचा अख्खा सेट सुटून फरशीवर पडला. माझी अनामिका बाहेरून होती तशीच होती, गुलाबी, गरम, पण मी तिला वाकायला सांगितलं तर ती दुसऱ्या कोणाची असल्यासारखी नुसती सरळ राहिली. करंगळी तर आधीच गेली होती. मालकांनी पडलेले दात गोळा करायला मदत केली. "झोप होतेय ना नीट?" त्यांनी विचारलं. मला हसायला आलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा हात. मंगळवारी दादाचं मधलं बोट आलं आणि माझं गेलं.

योगायोगाला मी दोनदा जागा देते, तिसऱ्यांदा देत नाही. संध्याकाळी मी टेबलावर दिवा ओढून घेतला आणि दात तपासायच्या टोकदार सळईने माझ्या बोटांना टोचून बघितलं. करंगळी, अनामिका, मधलं, काहीच नाही. रक्ताचा ठिपका आला तरी कळलं नाही. तर्जनी आणि अंगठा ठणठणीत. मग नसांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तारा लावून यंत्रावर सगळं बघितलं. म्हणाले, "नसा उत्तम आहेत. तुम्ही थकला आहात. विश्रांती घ्या."

"घेते," मी म्हटलं.

गुरुवारी रात्रीचं जेवण लवकर उरकलं. मी दादाला सूप भरवत होते. त्याचा उजवा हात ताटाशेजारी ठेवलेला, तिथे पावाचा एक तुकडा पडला होता. त्याच्या तीन बोटांनी तो तुकडा तळहाताकडे ओढला आणि मळायला सुरुवात केली. मला वाटलं, चांगलंय, व्यायाम होतोय. बोटं पाव मळत राहिली, दाबत राहिली, नखाने कोरत राहिली. दादाचं तिकडे लक्षच नव्हतं, तो खिडकीबाहेर बघत सूप गिळत होता. बोटं थांबली आणि त्यांनी तो गोळा पुढे ढकलला.

खालची डावी दाढ होती. चार टोकं, मध्ये खाच, आणि आतल्या बाजूच्या मागच्या टोकाला किंचित उतार. तो उतार पुस्तकात नाही. माझ्या शिक्षकांनी त्यावरून मला वर्षभर बोलणी दिली, पण पेशंटला त्यानेच चावायला बरं पडतं म्हणून मी तो सोडला नाही. माझ्या ओळखीत दुसरं कोणी तो काढत नाही.

दादाने आता ती बघितली. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"बारके," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला बारकीच म्हणतो. "हे मी नाही केलं."

"माहितेय."

मी ती दाढ उचलून कचऱ्यात टाकली आणि भांडी घासायला घेतली. दोन बोटांनी भांडी घासायला फार वेळ लागतो.

शनिवारी मला अर्धा दिवस होता. जेवण झाल्यावर दादा आतल्या खोलीत झोपला. दुपारचा लख्ख उजेड, शेजारच्यांच्या गॅलरीत कपडे वाळत होते, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. फ्रेम स्टुलांवर पडली होती, हिरवीगार. खरं सांगायचं तर देखणी दिसत होती. मी नळीवर तळवा ठेवला. गॅलरीत दुपारचं ऊन येत नाही आणि पोलाद सावलीत गार असतं. ही नळी अंगाएवढी गरम होती.

मी ठरवलं होतं, रंग काढून टाकायचा. जे दिलं ते परत घ्यायचं. त्याच्याकडे तीन बोटं होती, त्यांत ब्रश धरता येत नव्हता. माझ्याकडे दोन होती, त्यांत मेणाची सुरी धरता येत नव्हती. लॅबमध्ये मी दोन दिवस काम उद्यावर ढकलत होते. हे असंच राहिलं असतं तर आमच्या घरात दोन माणसं असती आणि धड हात एकही नसता. मी डाव्या हातात खरखरीत पेपर घेतला, वरच्या नळीवर दाबला आणि जोरात ओढला.

आतून दादा किंचाळला.

मी धावत गेले. तो पलंगावर उठून बसला होता आणि उजवा हात छातीशी धरला होता. तिन्ही बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटून निघाली होती, रस्त्यावर घसरून पडल्यावर निघते तशी. रक्त हळूहळू गोळा होत होतं. पांघरुणावर हिरव्या रंगाची बारीक भुकटी पडली होती.

मी मलम आणलं, पट्टी बांधली. पॉलिश पेपर मी धावत येताना पलंगावर टाकला होता. दादाने तो बघितला. बराच वेळ बघितला. माझा भाऊ चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण त्याला काही दोनदा सांगावं लागत नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्धंच राहू दे. पुढचा हात देऊ नकोस."

"मग दोघं खाणार काय?"

"बघू."

"काय बघू? मी रोज तेच तर बघते!"

इतक्या मोठ्याने मी त्याच्यावर आयुष्यात ओरडले नव्हते. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायचीही ताकद नव्हती. मी त्याच्या पायाशी पलंगावर बसले. मला दिसत होतं की परत घेता येणार नाही, आणि अर्धं ठेवून भागणार नाही. उरलं एकच. त्याचा हात पुरा झाला तर तो खाईल, बटणं लावेल, पाट्या रंगवेल. अकरा वर्षांच्या मुलीला त्याने त्याच हातावर पोसलं होतं. मालक मला ठसे तपासायचं नाहीतर हिशेबाचं काम देतील. आणि दुपारी मी झोपेन. हा शेवटचा विचार आला तेव्हा मला कळलं की माझं ठरलंय. लाज वाटली, पण ठरलं होतं.

रविवारी सकाळी मी त्याला रेडिओ लावून दिला, दार लोटून घेतलं आणि रंगाचा तिसरा हात दिला. बारीक पेपर फिरवला नाही. तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत ब्रश धरून, हळूहळू. ओरखडा भरून निघाला. काम संपलं तेव्हा तर्जनी नव्हती.

वार्निशसाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबायला हवं होतं. मी गुरुवारीच रजा घेतली. दादा सकाळपासून मला डोळ्यांआड होऊ देत नव्हता. बाई आल्या, त्याला घेऊन व्यायामाला बसल्या, तेव्हा मी गॅलरीत गेले आणि बाहेरून कडी लावली.

ब्रश तळव्याला लवचिक पट्टीने बांधला. गाठ दातांनी ओढली.

वरची नळी. खालची नळी. बसायच्या दांड्याची नळी. वार्निश पाण्यासारखं पसरत होतं आणि मागे काचेसारखी चकाकी ठेवत होतं. अंगठा गेला ते मला कळलं, कारण पट्टीचा काच लागायचा थांबला.

मग तळवा.

मग मनगट.

मी हात खांद्यातून हलवत होते. ब्रश मात्र वेडावाकडा जात नव्हता. सांध्यांच्या टोकदार कडांवरून तो इतका नेमका वळत होता, की असं वळण मला दोन धड हातांनीही जमलं नसतं.

आतून बाईंचा आनंदाने ओरडलेला आवाज आला. "अहो, मूठ! मूठ वळली!"

मग दादाचा आवाज. "बारके! थांब!"

दारावर धक्के. एक, दोन. मागच्या चाकाच्या बेचक्याची शेवटची वीतभर नळी राहिली होती.

कडी तुटली तेव्हा ती पुरी झाली होती. दादाने मला मागे ओढलं. त्याने माझा दंड धरला होता, उजव्या हाताने, पाच बोटांनी, आणि पकड चांगली घट्ट होती. ती बोटं माझ्या ओळखीची होती. गरम आणि कोरडी, रोज मेण हाताळणाऱ्याची.

बाई दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चहा केला आणि कप माझ्या डाव्या हातात दिला. मग आमचं पुन्हा सुरू झालं. त्याने स्वतःची दाढी केली. बटणं लावली, त्याची आणि माझीही. शेजारच्या शिंप्याने लगेच पाटी सांगितली. पाटीवरची अक्षरं दादाच्या जुन्या अक्षरांहून बारीक आणि गोलसर आली, पण शिंप्याला ती जास्त आवडली. मालकांनी मला ठसे तपासायच्या कामावर ठेवलं. सगळं मनात धरलं तसंच झालं. सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी फ्रेमला जुन्या बाजारातली चाकं, साखळी आणि ब्रेक बसवून दिले आणि म्हणाले, "असा हात बसलेला मी बघितला नाही. कोणी दिला?" दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग एका रविवारी दुपारी दादा म्हणाला, "मी माझं जेवतो. तू पड आता. खरंच पड." मी आतल्या खोलीत गेले, पडदा ओढला आणि डोळे मिटले. उशी गार होती. आठ महिन्यांचा शीण पायांतून उतरत गेला आणि झोप आली, खरीखुरी, गाढ.

बाहेर चमचा ताटात पडला.

मी दचकून जागी झाले. दादाचा आवाज आला, "काही नाही, काही नाही. निसटला. झोप तू."

मी पुन्हा डोळे मिटले. डोळा लागला. चमचा पुन्हा पडला.

तिसऱ्यांदा मी उठून दाराच्या फटीशी गेले. दादा चमचा उचलून सूप पीत होता, अगदी व्यवस्थित. मी तिथेच भिंतीला टेकून, त्याच्यावर नजर ठेवून, स्वतःला झोपेत जाऊ दिलं. थकलेल्या माणसाला ते अवघड नाही. पापण्या जड झाल्या, डोकं खाली गेलं, आणि त्याच क्षणी त्याचा हात मनगटातून गळून ताटात आडवा झाला. मी मान वर केली. हात उठला. दादा त्याच्याकडे बघत होता. मग त्याने बोटं उघडून मिटून बघितली, खांदे उडवले आणि पुढचा घास घेतला.

मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार? आठ महिन्यांनी तो आरशासमोर उभा राहून शीळ घालत होता. तो जागा आहे तोवर मी जागी राहायचं, एवढंच तर होतं. रात्री तो झोपला की मीही झोपत होते. दुपारी मी काळी कॉफी घ्यायला लागले, बसून कंटाळा आला की उभी राहायचे, आणि उभी राहून डोळे मिटायला लागले की चेहऱ्यावर पाणी मारायचे. त्याला वाटायचं मी रागावलेय म्हणून पडत नाही.

आज जेवण झाल्यावर त्याने सायकल खाली नेली. आमच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे, लांब आणि खडा, खाली मोठा रस्ता. तरुणपणी तो रोज तिथून सुटायचा. मी म्हटलं, "आजच कशाला?" तो म्हणाला, "अगं, आजच. पाय शिवशिवतायत." मी ब्रेक दाबून बघितले. डावा नावालाच होता. मिस्त्री म्हणाले होते, जुन्या वस्तू अशाच, खरा जोर उजव्यात.

"मी तासाभरात येतो," दादा म्हणाला. "तू मात्र तोवर झोप. माझी शपथ आहे."

मी गॅलरीत स्टूल ओढून बसले. पाय गार पाण्याच्या बादलीत घातले. डोळे टक्क उघडे ठेवले. तो गल्लीतून जाताना दिसत होता, पाठ वाकवून, दोन्ही हात दांडीवर, हिरवी फ्रेम उन्हात चमकत होती. शिंपी दुकानातून बाहेर येऊन त्याला बघत होता. दादा खूश होता, त्याच्या पाठीवरून कळत होतं. मला भरून आलं. मी काही विचार केला नाही. आपलं माणूस निघालं की आपण करतो तसा सवयीने टाटा करायला गेले. माझा उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला.

उताराच्या तोंडाशी दादाचा उजवा हात ब्रेकवरून सुटला, वर आला, आणि तो समोर रस्त्याकडे बघत असताना मला टाटा करत राहिला.